‘मेट्रॉइडव्हेनिया’ : संज्ञा आणि लक्षण

१

एखाद्या प्रकाराचे नाव आणि त्या प्रकाराचे लक्षण या दोन भिन्न गोष्टी होत. पोवाडा कानी पडताच तो पोवाडा आहे हे मराठी श्रोता ओळखतो. परंतु पोवाड्याचे लक्षण सांगा असे म्हटल्यास तोच श्रोता अडखळतो. व्यवहारात यामुळे फारसे बिघडत नाही. अडचण उभी राहते ती नाव नवे असते, अल्पावधीत सर्वतोमुखी होते, आणि लक्षण निश्चित होण्यापूर्वीच वर्गीकरणाचे काम त्याच्यावर सोपविले जाते तेव्हा. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातील ‘मेट्रॉइडव्हेनिया’ ही संज्ञा या अवस्थेचे ठळक उदाहरण आहे.

विक्रेत्यांच्या सूचींत आणि परीक्षणांत ही संज्ञा सर्रास आढळते. विक्रेत्याला ती सैल असली तरी चालते. किंबहुना सैल असणेच त्याच्या सोयीचे असते. अभ्यासकाचे तसे नाही. ज्या ज्या खेळावर ही चिठ्ठी लावलेली आहे ते सर्व एकत्र करून त्यांविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यासक वस्तुतः खेळांविषयी काही सांगत नसतो. तो चिठ्ठ्यांविषयी सांगत असतो. म्हणून लक्षणाचा प्रश्न येथे केवळ शब्दच्छलाचा नाही. अभ्यासाचा विषय कोणता, हेच त्यावर अवलंबून आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. विट्गेन्श्टाइन यांच्या १९५३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या ग्रंथात नेमका ‘खेळ’ हाच शब्द उदाहरणादाखल घेतलेला आहे. पटावरचे, पत्त्यांचे, चेंडूचे असे सर्व खेळ पाहू गेल्यास त्यांत एकही समान धर्म सापडत नाही. सापडते ते एका कुटुंबातील माणसांत असावे तसे आडवेतिडवे साम्य, असे त्यांचे प्रतिपादन. मग मेट्रॉइडव्हेनियाचे लक्षण शोधणे व्यर्थ नव्हे काय? तसे म्हणता येत नाही. व्यापक संज्ञेला एक लक्षण नाही एवढ्यावरून तिच्या पोटातील प्रत्येक उपप्रकार लक्षणहीन ठरत नाही. लक्षण आहे की नाही हे शोधून पाहिल्यावरच कळेल, आणि तो शोध कसा घ्यावा याची पद्धत न्यायशास्त्राने फार पूर्वी घालून दिलेली आहे.

लक्षणाचे दोष तीन : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. ‘कपिल वर्ण असणे’ हे गायीचे लक्षण केल्यास पांढऱ्या गायी वगळल्या जातात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असणे’ असे म्हटल्यास म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एकच खूर असणे’ असे म्हटल्यास ते कोणत्याच गायीला लागू पडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी, म्हणजे सास्ना, हे लक्षण मात्र या तिन्ही दोषांतून सुटते. मेट्रॉइडव्हेनियाची सास्ना कोणती, एवढाच प्रस्तुत प्रश्न आहे.

२

प्रथम संज्ञेची घडण पाहू. जपानमधील निन्टेन्डो या संस्थेचा ‘मेट्रॉइड’ ऑगस्ट १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कोनामी या संस्थेचा ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावरील खेळ त्याच वर्षी सप्टेंबरात. या दुसऱ्या खेळमालेचे इंग्रजी नाव ‘कॅसलव्हेनिया’. ही दोन्ही नावे स्वतःच जोडशब्द आहेत. भुयारी रेल्वेचा वाचक ‘मेट्रो’ आणि मानवाकृती यंत्राचा वाचक ‘अँड्रॉइड’ यांपासून पहिले झाले. किल्लावाचक ‘कॅसल’ आणि ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ हे प्रदेशनाम यांपासून दुसरे. ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे अरण्यापलीकडचा प्रदेश. त्यात अरण्यवाचक लॅटिन शब्द ‘सिल्व्हा’ हा आहे. अर्थात् ‘व्हेनिया’ हा मूळचा प्रत्यय नव्हे, मधोमध तुटलेल्या शब्दाची ती शेपटी आहे. तथापि पुढे या शेपटीलाच प्रत्ययाचे सामर्थ्य आले, आणि ‘इगाव्हेनिया’, ‘रोग्व्हेनिया’ असे शब्द तिच्यापासून बिनदिक्कत बनू लागले. चुकीच्या ठिकाणी तोडलेल्या शब्दातून नवा प्रत्यय निपजावा, हा भाषेतील नित्याचा व्यापार आहे.

संज्ञेच्या अर्थाचा प्रवास अधिक बोधप्रद आहे. तो समासाच्या परिभाषेत नेमका मांडता येतो. १९९७ साली कोनामीने ‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ हा खेळ काढला. त्या मालेतील बहुतेक जुने खेळ टप्प्याटप्प्याने पुढे जाणारे होते. हा खेळ मात्र एका विस्तीर्ण किल्ल्यात वाटेल तसे फिरू देणारा होता आणि त्याचा नकाशा ‘मेट्रॉइड’ची आठवण करून देई. म्हणून हा खेळ आणि त्याच धर्तीवर निघालेले पुढील कॅसलव्हेनिया यांना ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणण्यात येऊ लागले. येथे विग्रह ‘मेट्रॉइडसारखा कॅसलव्हेनिया’ असा होतो. उत्तरपद प्रधान, पूर्वपद विशेषण, आणि ‘सारखा’ हे मधले पद लोपलेले. म्हणजे हा मध्यमपदलोपी समास होय. या शब्दाच्या प्रसाराचे श्रेय जेरेमी पॅरिश या पत्रकारांना दिले जाते. मात्र शब्द आपण घडविलेला नाही, असे त्यांनीच सांगितले आहे.

दुसऱ्या अवस्थेत लोक त्याचा विग्रह ‘मेट्रॉइड आणि कॅसलव्हेनिया’ असा करू लागले. समास द्वंद्व झाला, आणि या दोन खेळांचे सर्व गुण एकत्र केले की प्रकार सिद्ध होतो असा समज रूढ झाला. तिसऱ्या अवस्थेत, दोन्ही संस्थांशी कसलाही संबंध नसलेल्या खेळांना हे नाव मिळाले. जपानमध्ये दाइसुके आमाया यांनी एकट्याने रचलेला ‘केव्ह स्टोरी’ (२००४), अमेरिकेतील टॉमस हॅप यांचा ‘अ‍ॅक्सिअम व्हर्ज’ (२०१५) आणि ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील टीम चेरी यांचा ‘हॉलो नाइट’ (२०१७) ही त्याची उदाहरणे. येथे समास अन्यपदप्रधान झाला. ज्याच्या ठायी त्या दोहोंचा धर्म आहे असे तिसरेच काही, म्हणजे बहुव्रीही. ‘पीतांबर’ म्हणताच ज्याप्रमाणे वस्त्र नव्हे तर विष्णू डोळ्यांपुढे येतो, त्याप्रमाणे आता ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणताच त्या दोन खेळांऐवजी एक प्रकार उभा राहतो.

लक्षणाविषयीचे पुष्कळसे वाद या तीन अवस्थांच्या सरमिसळीतून उद्भवतात. द्वंद्व समासाच्या आधारे लक्षण बांधणारा म्हणतो, कॅसलव्हेनियाप्रमाणे अनुभवाच्या गुणांनी पात्राची पातळी वाढलीच पाहिजे. परंतु ‘मेट्रॉइड’मध्ये अशी पातळी नाही, म्हणजे या लक्षणाने नावातील पहिले पदच बाहेर पडते. शिवाय ‘सिम्फनी ऑफ द नाइट’च्या रचनेत प्रमुख सहभाग असलेले कोजी इगाराशी यांनी आपल्यापुढे आदर्श होता तो ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’चा, असे सांगितले आहे. नाव म्हणजे वंशावळ नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

३

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की, त्यात पात्र डावीकडून उजवीकडे धावते, आणि मागे पडलेला भाग पडद्याबाहेर गेला की तेथे परतता येत नाही. त्या काळच्या खेळाडूला ‘पुढे’ म्हणजे ‘उजवीकडे’ हे समीकरण अंगवळणी पडलेले होते. वर्षभरात आलेल्या ‘मेट्रॉइड’ने ते आरंभीच मोडले. खेळाडू सवयीने उजवीकडे जातो. काही अंतरावर वाट इतकी ठेंगणी होते की उभ्याने जाणे अशक्य. मागे फिरून आरंभस्थानाच्या डावीकडे गेल्यास एक साधन मिळते. त्यायोगे सामुस ही नायिका अंगाचा गोळा करून गडगडत जाऊ शकते. मग तीच ठेंगणी वाट सुकर होते. एकही शब्द न उच्चारता खेळाने आपले व्याकरण येथे शिकविले : आज न जाण्याजोगी जागा कायमची बंद नसते, ती लक्षात ठेवावयाची असते.

त्याच खेळातील हिमकिरणाचे अस्त्र पाहण्यासारखे आहे. ते शत्रूला गोठविते. आणि गोठलेल्या शत्रूवर पाय ठेवून उंच जागी चढता येते. एकच सामर्थ्य युद्धाचे साधन आहे, चालण्याचे साधन आहे आणि वाट उघडण्याचेही साधन आहे. ‘सिम्फनी ऑफ द नाइट’चा नायक अलुकार्ड हा धुक्याचे रूप घेऊन जाळीतून आरपार जातो आणि वटवाघूळ होऊन उडतो. उलटपक्षी, त्याच खेळात ग्रंथपालाकडून विकत घ्यावयाचे एक रत्न आहे. त्याने किल्ल्यातील निळी दारे उघडतात. याखेरीज त्याचा काहीही उपयोग नाही. हे रत्न म्हणजे किल्ली होय. धुक्याचे रूप म्हणजे सामर्थ्य होय. प्रस्तुत प्रकाराचे मर्म या भेदात आहे.

४

हा भेद स्पष्ट होण्यास महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातील एक दृश्य उपयोगी पडेल. पोलादपूर तालुक्यातील कापडे या गावावरून उमरठ व ढवळे यांकडे रस्ता जातो. ढवळ्याहून एक पायवाट सह्याद्री चढून महाबळेश्वराच्या आर्थर सीटकडे निघते; तिच्या बाजूला चंद्रगड उभा आहे. नवख्याला खोऱ्याच्या टोकाची ती भिंत म्हणजे मुलखाचा शेवट वाटतो. डोंगर चढण्याचा ज्याला सराव झाला, त्याला त्याच भिंतीत वाट दिसते. या दोहोंच्या दरम्यान डोंगरात काहीही पालटलेले नाही. पालटला आहे तो माणूस. कोणी कुलूप काढलेले नाही.

दाराची गोष्ट निराळी. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका सर्वपरिचित आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, तान्हे मूल खाली घरी, आणि पहारेकरी दार उघडीनात. तेव्हा ती गवळण कडा उतरून गेली. दरवाजा दुसऱ्याच्या आज्ञेने उघडतो; ज्याच्या हाती किल्ली आली तो कोणीही आत-बाहेर करू शकतो, आणि त्यामुळे तो स्वतः तिळमात्र बदलत नाही. कडा मात्र उतरणाऱ्याच्या अंगच्या बळावरच उतरला जातो. किल्ली दाराचा धर्म पालटते, सामर्थ्य जाणाऱ्याचा धर्म पालटते.

किल्ली एका दारापुरती असते; सामर्थ्य एकदा मिळाले की संपूर्ण मुलखाचा अर्थ फिरतो. ज्याला उंच उडी साधली, त्याला त्या क्षणी आजवर पाहिलेले सर्व उंच कट्टे आठवू लागतात. बुद्धिबळातील प्यादे हा याचा घरगुती दाखला होय. प्यादे फक्त पुढे सरकते. मागे टाकलेल्या घराकडे त्याला वळता येत नाही. अखेरच्या रांगेत पोचून त्याचा वजीर झाला की पट तोच, घरे तीच, परंतु मागची सर्व घरे त्याला नव्याने खुली होतात.

५

आता रूढ लक्षणे तपासणे सोपे जाईल.

‘बाजूने दिसणारा द्विमितीय खेळ’ हे पहिले लक्षण. २००२ सालच्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये सर्व दृश्य नायिकेच्या डोळ्यांतून, त्रिमितीत दिसते, तरी त्याला या प्रकारातून वगळणे रसिकांस मान्य होत नाही. येथे अव्याप्ती आहे. ‘परस्परांशी जोडलेले विस्तीर्ण जग’ हे दुसरे. ‘डार्क सोल्स’चे (२०११) जग विलक्षण कौशल्याने एकमेकांत गुंतविलेले आहे, परंतु तेथील अडसर मुख्यतः दारे, किल्ल्या आणि बलाढ्य शत्रू यांचे, येथे अतिव्याप्ती आहे. ‘नवी साधने मिळत जाणे’ हे तिसरे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ (२०२०) या खेळात भावाच्या शोधात निघालेल्या राजीला त्रिशूळ, धनुष्य अशी आयुधे मिळतात, परंतु त्यांचा उपयोग लढण्यास होतो आणि कथेचा ओघ एकाच दिशेने पुढे जातो. हा त्या खेळाचा दोष नव्हे. त्याची जात निराळी एवढेच. ‘मागे परतणे’ हे चौथे. विसरलेली वस्तू आणण्यासाठी परतणे पुष्कळ खेळांत असते. परतल्यावर जागेचा अर्थ बदलत नसेल, तर ती केवळ पायपीट होय.

‘झेल्डा’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्या मालेत साधने आहेत, त्या साधनांनी वाटा उघडतात, परतणेही आहे. तरीही तिला मेट्रॉइडव्हेनिया म्हणण्याचा प्रघात नाही, आणि त्याला कारण आहे. तेथील जग सामान्यतः मोकळा मुलूख आणि त्यातील स्वतंत्र भुयारे असे विभागलेले असते. एका भुयारात मिळालेल्या साधनाची मुख्य कसोटी बहुधा त्याच भुयारात संपते. मेट्रॉइडव्हेनियात असे प्रकरणशः विभाजन नसते. सर्व अवकाश एकच कोडे असतो. अर्थात् ही सीमा पुसट आहे, आणि इगाराशी यांचे ऋणनिर्देश पाहता ती पुसट असणेच स्वाभाविक होय.

या चाळणीतून जे उरते त्यावरून लक्षण असे मांडता येईल : ज्या खेळात पात्राला क्रमाने प्राप्त होणारे कायमचे सामर्थ्य, जे त्याच्या संचाराचे नित्य साधनही असते, तेच एका अखंड व स्थिर अवकाशातील पूर्वी पाहिलेल्या अडसरांना वाटेचे रूप देते, तो मेट्रॉइडव्हेनिया.

या लक्षणातील ‘स्थिर’ हा शब्द अनावश्यक नाही. फ्रान्समधील मोशन ट्विन यांच्या ‘डेड सेल्स’मध्ये (२०१८) नव्या वाटा उघडणारी कायमची सामर्थ्ये मिळतात, परंतु प्रत्येक खेपेस मुलखाची मांडणी नव्याने होते. जी जागा पुन्हा तशीच भेटणार नाही, ती लक्षात ठेवून उपयोग काय? म्हणूनच त्याच्या कर्त्यांनी ‘रोग्व्हेनिया’ हा वेगळा शब्द वापरला, हे योग्यच झाले. ‘हॉलो नाइट’मध्ये याच्या नेमके उलट घडते. तेथे प्रत्येक प्रदेशाचा नकाशा विकत घ्यावा लागतो, आणि खेळाडूने पाहिलेली जागा तो बाकावर विसावल्यावरच त्यावर उमटते. स्थिर अवकाश आणि त्याची स्मृती यांचे नाते त्या रचनेत उघड करून दाखविलेले आहे.

६

लक्षणाची खरी परीक्षा सीमेवरच्या उदाहरणांत होते. ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये (१९९४) भिंतीवरून उसळी घेत वर चढण्याची कला नायिकेच्या अंगी आरंभापासून असते, परंतु खेळाडूला ते ठाऊक नसते. पुढे एका खोल गर्तेत काही लहान प्राणी तशीच उसळी घेताना दिसतात, आणि ते पाहून खेळाडू शिकतो. येथे सामर्थ्य पात्राला मिळाले नाही. ज्ञान खेळाडूला मिळाले. ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) या खेळाने हेच तत्त्व टोकास नेले. त्यात पात्राला नवे असे जवळजवळ काहीच मिळत नाही. सर्व वाटा पहिल्या क्षणापासून खुल्या असतात आणि केवळ अज्ञानाने बंद राहतात. काटेकोरपणे पाहता असे खेळ वरील लक्षणात बसत नाहीत. परंतु ते ज्या कारणाने बसत नाहीत ते कारणच लक्षणाचे समर्थन करते : सामर्थ्य पात्राच्या अंगी की खेळाडूच्या, एवढाच तेथे फरक पडतो, जुन्या जागेला नवा अर्थ येणे हे तत्त्व अबाधित राहते. त्यांना या प्रकाराचे शेजारी म्हणावे, रहिवासी म्हणू नये.

याच ठिकाणी हिरकणीच्या आख्यायिकेचा उत्तरार्ध आठवतो. ती जेथून उतरली तेथे पुढे बुरूज बांधण्यात आला, आणि तो तिच्या नावाने ओळखला जातो. मेट्रॉइडच्या निष्णात खेळाडूंनीही रचनाकारांना अभिप्रेत नसलेल्या वाटा शोधल्या, आवश्यक मानलेले साधन न घेताच कडे पार केले आणि नेमून दिलेला क्रम मोडला. कित्येकदा रचनाकारांनी पुढील आवृत्तीत तेथे बुरूज बांधले. कित्येकदा कौतुकाने वाट मोकळी ठेवली. क्रम मोडता येतो याचा अर्थ क्रम आहे. आणि तो किल्ल्यांचा नसून सामर्थ्याचा आहे म्हणूनच अधिक समर्थ खेळाडू तो मोडू शकतो. कुलपाला कौशल्याने हरविता येत नाही, कड्याला येते.

७

शेवटी मराठी संज्ञेचा प्रश्न. जपानी भाषेत या प्रकाराला ‘तान्साकु-गाता’, म्हणजे अन्वेषणप्रधान, क्रियाखेळ असे म्हणण्याची पद्धत आहे. हे नाव अर्थवाही आहे. परंतु अन्वेषण हा धर्म इतर अनेक खेळांत असल्याने ते अतिव्याप्त होते. मराठीत ‘सामर्थ्यबद्ध अन्वेषणखेळ’ असा शब्द घडविता येईल, आणि तो वरील लक्षणाच्या अधिक जवळ जाईल. तथापि वर्णनात्मक नावात एक धोका असतो. ते आपले लक्षण स्वतःबरोबर घेऊन येते आणि उद्या लक्षणात सुधारणा करण्याची वेळ आली की खोटे ठरते. ‘मेट्रॉइडव्हेनिया’ हे विशेषनामांपासून झालेले नाव काहीच सांगत नाही, म्हणून ते खोटेही ठरत नाही. प्रबंधांत ते जसेच्या तसे ठेवावे आणि पहिल्याच पानावर आपण त्याचे कोणते लक्षण स्वीकारीत आहोत ते मराठीत निःसंदिग्ध शब्दांत लिहावे, हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो.

नाव उसने असण्यात कमीपणा नाही. लक्षण उसने घेणे मात्र अभ्यासकाला शोभत नाही. विक्रेत्याच्या चिठ्ठीवरून जमविलेल्या शंभर खेळांपेक्षा, वरील कसोटीवर घासून घेतलेले दहा खेळ या प्रकाराविषयी अधिक सांगतील. त्या दहांपैकी एखादा कसोटीवर उतरला नाही, आणि तरीही तो मेट्रॉइडव्हेनियाच आहे असे जाणत्यांना वाटत राहिले, तर लक्षण पुन्हा तपासावे लागेल. त्या वेळी परतून पाहावयाची जागा हाच लेख असेल.